पाचवी मूठ

बसा शैलजाबेन. झोपाळ्यावर नको, इकडे खुर्चीवर बसा. झोपाळ्याचं नंतर सांगते. लाईट गेली म्हणजे चक्कीही बंद, आणि चक्की बंद म्हणजे माझा गहू इथेच पडून. आज आमच्या कानबाईच्या रोटांचं दळण आहे. चक्कीवाले भूपेंद्रभाई आमच्या रोटांसाठी वर्षातून एकदा चक्की धुऊनपुसून ठेवतात, आणि नेमकी त्याच दिवशी उधन्यातली लाईट जाते! थांबा, दिवा लावते. श्रावणातलं आभाळ हे असं, पाच वाजले नाहीत तोच घरात अंधार.

तुम्ही साताऱ्याच्या, त्यात बँकेच्या बदलीवर सुरतेत आलेल्या, तुम्हाला कानबाई कुठून ठाऊक असणार? आम्हा खानदेशवाल्यांची ती लाडकी. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी येते आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर जाते. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे पुरणाच्या जाड पोळ्या. घरात जितके पुरुष तितक्या मुठी गहू, सव्वा सव्वा मूठ. एकेकाचं नाव घ्यायचं आणि परातीत त्याचा वेगळा ढीग घालायचा. नाव घेतल्याशिवाय मूठ घालायची नाही, आणि एकदा घातलेली मूठ परत काढायची नाही. त्या पिठाचे रोट फक्त घरच्यांनी खायचे, तेही पौर्णिमेच्या आत संपवायचे. परक्याला त्यातला कणही देत नाहीत. तुम्हाला चहावरच भागवावं लागेल, राग मानू नका.

मघाशी तुम्ही बरोबर हटकलंत. बँकेतली माणसं, मोजल्याशिवाय राहताय थोडेच! आमच्या घरात पुरुष चार. आमचे हे, माझा दीर भटू, मोठा मुलगा हेमराज, धाकटा योगराज. मग परातीत ढीग पाच का? आता लाईट येईपर्यंत कामच नाही, तर सांगते. पण चहा आधी संपवा. मागे एकीने ऐकताना कप सांडला होता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची सून धनश्री, हेमराजची बायको, मराठी शाळेत शिकवते, ती तुम्ही पाहिलीय. त्या वेळी तिने कादंबरी लिहायला घेऊन चार वर्षं झाली होती. 'चौऱ्याऐंशी बावटे' नाव. आपल्या ह्याच सुरतेची, पण जुन्या काळातली, तापीच्या मुखाशी चौऱ्याऐंशी बंदरांचे बावटे फडकायचे तेव्हाची. दुपारी शाळेतून आली की ती छापलेली पानं घेऊन वाचायला बसायची, आणि मी साड्यांना खडे चिकटवता चिकटवता ऐकायची. पानं उलटायला मदत करायची म्हणून माझ्या हळदीच्या अंगठ्याचे डाग सगळ्या कादंबरीवर.

त्यात उदेराज नावाचा तरणाबांड मालम होता. मालम म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा. त्याच्या आजीने त्याला विद्या दिली होती, दोरीच्या गाठीत वारा बांधून ठेवायची. गाठ सोडली की वारा सुटायचा. आणि जरीवाल्याची मुलगी हंसा, ती शेल्याच्या जरीत अक्षरं विणायची. शेला भिजला तरच दिसायची. किल्लेदार मेला लबाड, त्याला सगळं बंदर परक्यांच्या घशात घालायचं होतं. त्याचं ते कारस्थान हंसाने शेल्यात विणलं, उदेराज तो शेला घेऊन निघाला आणि पकडला गेला. किल्ल्याच्या तळघरात बेड्या! त्या दिवशी माझ्या हातून एका साडीला सगळे खडे उलटे लागले. काय सांगू, पोटच्या पोरासारखा जीव लागला होता हो माझा त्याच्यावर.

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. पुण्याच्या एका प्रकाशकांची स्पर्धा होती, कादंबरी पाठवायची शेवटची तारीख राखीपौर्णिमा. निवडली तर पुस्तक निघणार. धनश्रीने मला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "मम्मी, ह्या वेळी नाही झालं तर मी लिहिणं सोडणार. शाळा, घर आणि हे, मला नाही झेपत आता." चार वर्षं पहाटे उठून लिहिताना मी पाहिलं होतं तिला. तिचं हे पुस्तक व्हावं म्हणून मी कानबाईला नवस बोलले होते.

आणि मग एके दुपारी ती म्हणाली, "शेवटी उदेराज मरतो."

"मरतो म्हणजे?"

"तोफेच्या तोंडी देतात त्याला. शेवट करुणच हवा, मम्मी. परीक्षकांना तसंच आवडतं."

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. वरण अळणी केलं मुद्दाम. शनिवारी रोटांचे गहू काढायला बसले तेव्हाही डोक्यात तेच. आमच्या ह्यांचं नाव मी वर्षातून एकदाच तोंडाने घेते, ते ह्या मुठीला. सगळे गंमत बघायला गोळा झालेले. मी लाजत लाजत सुरुवात केली, "सखाराम..." टाळ्या पडल्या. "भटू. हेमराज. योगराज. उदेराज."

पाचवा ढीग परातीत पडला तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वं माय!

भटू पोट धरून हसला. "वहिनी, हाऊ पाचवा कोन शे?" हेमराज म्हणाला, "माय, आम्हाला कधी सांगितलं नाहीस, अजून एक भाऊ आहे ते!" धनश्रीसुद्धा दोन दिवसांनी माझ्याकडे बघून हसली. काढायची सोय नव्हतीच. मी म्हटलं, असू दे, त्याच्या वाटचा रोट मीच खाईन. हेही कुठे चालतं? ज्याच्या नावाचा त्यानेच खायचा असतो, आमच्या घरची रीत आहे. पण तेव्हा हसण्यावारी नेलं.

कानबाई छान झाली. सोमवारी तापीवरून ओलेचिंब होऊन घरी आलो. गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले तर कपड्यांच्या दोरीला दोन गाठी. सकाळी नव्हत्या. आणि गाठी कशा, तर बारीक, पिळदार, टोक आत गेलेलं दिसू नये अशा. घरात कुणाला बुटाची नाडी धड बांधता येत नाही. ह्याला विचारलं, त्याला विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. मी गाठीच्या पलीकडे कपडे घातले आणि विसरले.

संध्याकाळी आतल्या खोलीतून धनश्रीची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. तिने लॅपटॉप उघडला होता. कादंबरीत जिथे जिथे उदेराजचं नाव होतं तिथे रिकामी जागा. त्याचं बोलणं होतं तिथे रिकाम्या ओळी. हंसा बोलत होती, रडत होती, पण समोर कुणी नव्हतं. तळघराच्या प्रसंगात पहारेकरी होते, बेड्या होत्या, बेड्यांत हात नव्हते.

हेमराज इच्छापोरला कंपनीत आहे, त्याचं औषध एकच, बंद करून चालू कर. तीनदा केलं. "फॉन्ट उडाला असेल," म्हणाला. "छापलेली पानं आहेत ना? त्यावरून परत टाईप करू."

पानं माझ्या कपाटात होती. काढली. हळदीचा अंगठा जागच्या जागी होता. बाकीची अक्षरं जागच्या जागी. फक्त त्याच्या नावाएवढी, त्याच्या बोलण्याएवढी जागा कोरी पांढरी. शाई पुसल्याचा डागसुद्धा नव्हता. हेमराजने पानं उलटीपालटी करून पाहिली आणि ठेवून दिली. कागदाला बंद करून चालू करता येत नाही ना.

मंगळवारी घरात वास यायला लागला. खारट, ओल्या काथ्याचा, डुमसला समुद्रावर गेलं की येतो तसा. आधी वाटलं, कुणी सुके मासे आणले की काय. पण आम्ही माळकरी माणसं! आणि हा झोपाळा... बघा, आता स्थिर आहे. तेव्हा मी स्वयंपाकघरात असले की कड्या वाजायच्या, करर... करर... मी बाहेर आले की थांबायचा. एकदा मी मुद्दाम दबकत आले. झोपाळा थांबलेला होता, पण साखळ्या ताठ. रिकाम्या झोपाळ्याच्या साखळ्या अशा ताठ नसतात हो. मी आल्या पावली मागे फिरले आणि उगाचच कुकर लावला, शिट्टीचा तरी आवाज व्हावा म्हणून.

रोटांचा डबा उघडला. सगळ्यांचे रोट खाऊन संपत आले होते. पाचवा तसाच होता. श्रावणातल्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी पुरणाला वास यायला हवा. तो रोट तव्यावरून आत्ता उतरवल्यासारखा मऊ, आणि गरम.

मी डबा लावला. भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण राग जास्त आला. गोधडी वाळत घालायची होती, गाठ आडवी येत होती. रागाच्या भरात पहिली गाठ सोडली.

बाई बाई बाई! कुठून वारा आला देव जाणे. खिडक्या धडाधड आपटल्या, कॅलेंडर उडालं, साड्यांना लावायचे खडे घरभर झाले. भटूच्या कानातून दुसऱ्या दिवशी एक निघाला. मी गॅलरीचा कठडा धरून खाली पाहिलं. खाली गल्लीतल्या कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. शेजारच्या उषाबाईंच्या उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता. वारा सुटला होता तो फक्त आमच्या घरात.

तेव्हा कळलं मला, घरात कोण आलंय ते. मीच नाव घेऊन बोलावलं होतं त्याला.

बुधवार उजाडला. गुरुवारी पौर्णिमा, चार वाजेपर्यंत कादंबरी पुण्याला पोचायला हवी. धनश्री तीन दिवस जेवली नव्हती. नवं नाव घालून लिहायला बसली, तर तेही नाव टिकेना, टाईप करावं आणि डोळ्यांदेखत विरून जावं. चार वर्षांचं काम माझ्या एका मुठीने पाण्यात घातलं होतं. ती मला एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागलं.

दिवेलागणीला घरातले पुरुष देवळात गेले. ती आत दार लावून बसलेली. मी ताट वाढलं. रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, वर तुपाची धार. झोपाळ्यासमोर पाट मांडला, दिवा ठेवला. मी समोर जमिनीवर बसले.

"उदेराज... बाळा... ये, जेवी ले."

काहीच झालं नाही. मग दिव्याची ज्योत हळूच आडवी झाली. वारा नव्हता. खारट वास इतका जवळ आला, की समोर कुणी श्वास सोडतंय असं वाटलं. कड्या वाजल्या. एकदाच.

"माते..."

मी पदर तोंडाशी धरला. पण सवय कुठे जाते? तोंडातून निघून गेलं, "माते-बिते पुस्तकात. इथे माय म्हणायचं. तुझ्या नावाची मूठ घातलीय मी."

 मग आवाज आला, लहान पोराचा येतो तसा बारीक होऊन.

"माय... तिकडे गेलो, की पहाटे मला तोफेपाशी नेतील..."

"ठाऊक आहे रे."

"मग... जा म्हणू नकोस."

शैलजाबेन, खरं सांगते, त्या क्षणी मला भीती उरली नाही. रडू फुटलं. मला वाटलं, राहू दे इथेच. माझ्या दोन पोरांना हा तिसरा. काय मोठं लागणार आहे त्याला, वर्षाला एक रोट आणि हा झोपाळा! पण भिंतीपलीकडे माझी सून मुसमुसत होती. लेकासाठी सुनेचं घर बुडवणारी सासू मला व्हायचं नव्हतं.

"आणि हंसा?" मी विचारलं. "ती बिचारी तिकडे रिकाम्या जागेशी बोलतेय."

साखळी थरथरली.

"ऐकू येतं मला, माय... इथवर ऐकू येतं..."

मागे दार वाजलं. धनश्री उंबऱ्यात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. तोंड पांढरंफटक. "मम्मी..." ती कुजबुजली, "हा आवाज... मी असाच लिहिलाय."

मी उठले, पदर खोचला. सासू म्हणून मी कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. "मग नीट ऐक. ज्याच्या नावाची मूठ घातली तो माझ्या घरचा पुरुष. माझ्या घरचा पुरुष तू तोफेच्या तोंडी द्यायचा नाहीस."

आणि ही पोरगी बघा, उभी थरथर कापतेय, तरी म्हणते, "पण मम्मी, शेवट करुण नसला तर परीक्षक..."

"परीक्षकांना रोट खायला बोलावलंय का मी?"

ती हसली. रडता रडता हसली. मग येऊन माझ्याशेजारी पाटापाशी बसली. चार वर्षं ज्याला लिहिलं त्याच्यासमोर बसायची हिंमत लागते, मी तर म्हणते माझ्यापेक्षा जास्त. तिने रोटावर अजून चमचाभर तूप सोडलं आणि ताट पुढे सरकवलं.

"खा," म्हणाली. "नाही मारत. रोटाची शपथ."

आणि रोट कमी व्हायला लागला. हात दिसत नव्हता, तोंड दिसत नव्हतं. एक घास गेला, मग दुसरा. भुकेलं माणूस जेवतं तसा भराभरा. खीर वाटीसकट कलली. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बघत होतो, आणि देवाशपथ सांगते, मला तो कसा जेवतो ते बघून बरं वाटलं.

ताट स्वच्छ झालं. गॅलरीत दोरी ताणल्याचा आवाज आला. दुसरी गाठ आपोआप सुटली. घरातून एकच झोत गेला, माझ्या डोक्यावरून गेला तेव्हा केसांना हात लागल्यासारखं झालं. दिवा विझला. झोपाळा रिकामाच उंच गेला आणि हेलकावत थांबला. साखळ्या सैल होत्या.

धनश्री पानांकडे धावली. नाव परत आलं होतं, सगळीकडे. शाई ओली होती, तिच्या बोटांना लागली.

रात्रभर लिहून गुरुवारी चारला दहा मिनिटं असताना तिने कादंबरी पाठवली. उदेराज वाऱ्याची गाठ सोडतो, शेला भर दरबारात भिजतो, किल्लेदार बेड्यांत जातो, आणि हंसाला घेऊन जहाज तापीतून समुद्रावर निघतं. दुसरं बक्षीस मिळालं. एका परीक्षकाने लिहिलं, शेवट जरा गोड आहे. असेना. पुस्तक निघालं, त्या कपाटात आहे बघा, हवं तर वाचायला घेऊन जा. त्यातलं शेवटचं वाक्य धनश्रीने लिहिलेलं नाही. ती म्हणते प्रकाशकांनी घातलं, प्रकाशक म्हणतात तिनेच पाठवलं. 'उदेराज म्हणाला, श्रावणात एकदा मी घरी जाऊन येईन.'

तेव्हापासून पाच मुठी. दरवर्षी त्याचं ताट वाढते, दरवर्षी स्वच्छ होतं. आणि ह्या आठवड्यात झोपाळ्यावर कुणाला बसू देत नाही, त्याचं एवढंच कारण. आमचे हे कुरकुरतात, पण बसत मात्र नाहीत. पोरगा आहे ना शेवटी.

काय? सहा?

पाच हो. मी सकाळी माझ्या हाताने... दिवा जरा इकडे धरा.

हात लावू नका. थांबा. हा मोठा आमच्या ह्यांचा, हा भटूचा, हेमराज, योगराज, हा उदेराजचा. आणि त्याच्या अगदी अंगाला लागून हा... एवढासा. दहा-बारा दाणे असतील. मघाशी तुम्हीच पाच मोजले होते ना? तेव्हापासून आपण दोघी इथून हललो नाही. धनश्री आज उशिरा येणार, अजून शाळेतून यायचीय.

दाणे ओले आहेत. वास घ्या. खारट.

एवढीशी मूठ मोठ्या माणसाची नाही हो. तान्ह्या बाळाची आहे. अगं बाई... धनश्रीने पुढचा भाग लिहिलेला नाही, एक ओळसुद्धा नाही. म्हणजे तिला न विचारताच तिकडे...

घातलेली मूठ काढता यायची नाही. आणि नाव घेतल्याशिवाय दळणाला नेता यायची नाही. नाव कोण ठेवणार, मीच ना? आजी मीच! सुचवा बाई काहीतरी चांगलं, तुमच्याकडे साताऱ्याला काय काय ठेवतात?

आली लाईट. चक्कीचा आवाज येतोय, ऐकलात? तुम्ही माझा हात का धरलात एवढा घट्ट? हां... झोपाळा. बघतेय मी. मघापासून हलतोय, अगदी हळू.

त्याला नाही हलवता येत असं, तो पायाने जोरात रेटा देतो. ही हंसा असणार.

चला, परात उचला, नाव जाता जाता ठरवू. चप्पल बाहेर जाऊनच घाला, आणि दार आपटू देऊ नका. आत्ताच डोळा लागला असेल बाळाचा.